शिकण्याचा तास पाळीच्या आत धरा : एमआयडीसीतल्या कारखानदारांना खुलं पत्र

प्रति,
राज्यातल्या औद्योगिक वसाहतींमधल्या लघु आणि मध्यम कारखान्यांचे मालक, भागीदार आणि वर्क्स मॅनेजर यांस,

विषय : कामगारांच्या शिकण्यासाठी पाळीतला वेळ देण्याबाबत

सप्रेम नमस्कार.

भोसरी, चाकण, सातपूर, अंबड, वाळूज, शिरोली, बुटीबोरी. कुठल्याही वसाहतीत फिरलं तरी गेटवरचा बोर्ड सारखाच दिसतो : ‘पाहिजेत : सीएनसी, व्हीएमसी ऑपरेटर, सेटर, वेल्डर. अनुभवी असावा.’ पावसानं अक्षरं धुऊन निघाली तरी बोर्ड खाली उतरत नाही. अनुभवी माणूस सगळ्यांना हवा आहे. फक्त तो अनुभव त्यानं शेजारच्याच्या मशीनवर, शेजारच्याचं मटेरियल वाया घालवून घेतलेला असावा, अशी प्रत्येकाची अपेक्षा आहे. शेजारचाही तेच म्हणतो.

आम्ही आयटीआयमध्ये आणि शॉप फ्लोअरवर शिकवणारी माणसं आहोत. हे पत्र देणगीसाठी नाही. शाळांना वह्या, संगणक, पाण्याच्या टाक्या तुमच्यापैकी बरेच जण देतात, त्याबद्दल आभारच आहेत. आमची मागणी वेगळी आणि जरा जड आहे. प्रत्येक कामगाराला आठवड्यातून एक तास शिकायला द्या. तो तास पाळीच्या आत असावा, भरपगारी असावा आणि जो शिकवणार आहे त्याचं त्या दिवसाचं टार्गेट तेवढ्या तासानं कमी केलेलं असावं. यातली शेवटची अट सगळ्यात जास्त मोडली जाते, म्हणून ती आधीच सांगून ठेवतो.

शिक्षणाअभावी पैसा नेमका कुठून गळतो ते अगदी जवळून बघू. टर्निंग सेंटरवर, म्हणजे सीएनसी लेथवर, २५ मिमीचं बोअर (जॉबमधलं गोल भोक) आहे. ड्रॉइंगवर एच७ ही टॉलरन्स, म्हणजे चालणारं माप २५.००० ते २५.०२१. बोअर गेजवर २५.००० आलं. नग पास आहे, पण खालच्या कडेला आहे आणि इन्सर्ट (टूलचं बदलतं पातं) झिजतोय, म्हणजे पुढचा नग लहान होणार. ऑपरेटर शहाणा आहे, त्याला बोअर ०.०१ नं वाढवायचं आहे. वेअर ऑफसेटच्या, म्हणजे टूलची झीज भरून काढायच्या आकड्यांच्या, पानावर त्या टूलसमोर आधीचे उणे ०.१० आहेत. मशीनच्या फानुक कंपनीच्या कंट्रोलवर ०.०१ टाकून ‘+इनपुट’ दाबलं की उणे ०.१० चे उणे ०.०९ होतात आणि बोअर २५.०१ येतं. नुसतं ‘इनपुट’ दाबलं की आधीचा आकडा पुसला जातो आणि त्याच्या जागी अधिक ०.०१ बसतं. आकडा सरकला ०.११ नं, बोअर आलं २५.११. बाहेरचा व्यास मोठा राहिला असता तर पुन्हा एक कट मारता आला असता. मोठं झालेलं बोअर लहान करता येत नाही. नग भंगारात.

आता रिजेक्शनच्या रजिस्टरमध्ये काय लिहिलं जातं ते आठवा. ‘ऑपरेटरचं दुर्लक्ष.’ इथे दुर्लक्ष कुठे आहे? त्यानं मोजलं, पुढचा विचार केला, आकडाही बरोबर टाकला. दोन बटणांत फरक काय, हे त्याला कुणी बसवून दाखवलं नव्हतं. आधीच्या ऑपरेटरनं जाता जाता ‘हे दाबायचं’ एवढंच सांगितलं होतं. हा धडा दहा मिनिटांचा आहे. स्पिंडल बंद ठेवायचा, वापरात नसलेल्या टूलची ओळ घ्यायची, तिचा आधीचा आकडा कागदावर टिपायचा, मुलाला दोन्ही बटणं पाच-पाच वेळा दाबायला लावायची आणि दर वेळी ‘आता काय होईल’ ते दाबण्याआधी बोलायला लावायचं. शेवटी मूळ आकडा परत टाकायचा. हे विसरलात तर मात्र धडाच भंगार पाडेल.

मोजमापाचंही तसंच. मायक्रोमीटर रॅचेटनं न फिरवता थिंबलनं आवळला की माप लहान येतं, शून्य न तपासता वापरला की दिवसभराची सगळी मापं सारख्याच चुकीनं येतात, हे बहुतेकांना ठाऊक असतं. गरम जॉबचं ठाऊक नसतं. १०० मिमी व्यासाचा पोलादी शाफ्ट खोलीपेक्षा २० अंशांनी गरम असला तर तो सुमारे ०.०२३ मिमीनं मोठा भरतो. त्या व्यासावर एच६ शाफ्टची अख्खी टॉलरन्स ०.०२२ असते. मशीनवरून काढल्या काढल्या मोजलेला, ‘पास’ म्हणून ठेवलेला नग चहा होईपर्यंत फेल होतो. मग ऑपरेटर म्हणतो गेज चुकतंय, क्वालिटीवाला म्हणतो ऑपरेटर खोटं लिहितोय, आणि दोघं तुमच्या केबिनमध्ये येतात. भांडण खरं तर तापमानाचं असतं.

‘हे सगळं मान्य, पण परवडत कुठे?’ असं तुम्ही म्हणणार. हिशेब मांडू. आकडे हिशेबापुरते धरलेले आहेत, तुमचे घालून बघा. कामगार ४०. आठवड्याला एक तास, वर्षाचे ५० आठवडे, म्हणजे २००० तास. तासाचा खर्च १२० रुपये धरला तर २ लाख ४० हजार. बॅच आठ जणांची, त्यातले चौघे मशीनवरचे; पाच बॅचचे मिळून वर्षाला १००० मशीन तास. तासाला ४०० रुपये धरले तर ४ लाख. एकूण ६ लाख ४० हजार. आम्ही मशीन पूर्ण बंद धरलंय. सेटिंग बदलताना, पहिला नग क्वालिटीकडे अडकलेला असताना किंवा वीज गेलेली असताना तास घेतला तर हा खर्च बराच उतरतो.

आता दुसरी बाजू. महिन्याला ४० हजार नग, रिजेक्शन २ टक्के, म्हणजे ८०० नग. कास्टिंग आणि झालेलं मशिनिंग मिळून, भंगाराची किंमत वजा जाता, नगामागे ७५० रुपये बुडतात असं धरू. महिन्याला ६ लाख. सगळं रिजेक्शन शिकवल्यानं थांबत नाही. कास्टिंगमधले ब्लोहोल, ढिलं झालेलं फिक्स्चर, मालकानं स्वस्तात आणलेले इन्सर्ट यांना कामगार काय करणार? म्हणून फक्त दहावा हिस्सा कमी होईल असं मानू. तरी महिन्याला ६० हजार, वर्षाला ७ लाख २० हजार. रिवर्कचे तास, परत आलेला लॉट, गिऱ्हाइकाकडे सॉर्टिंगला पाठवलेली माणसं आणि जीप यात धरलेलीच नाहीत.

यानंतरचा तुमचा आक्षेप आम्हाला तोंडपाठ आहे : शिकवलं की पोरगं पळतं. पळतं, खोटं नाही. पण कधी पळतं ते बघा. ऑफसेट यायला लागतात, सेटिंग जमायला लागतं, आणि पगारपत्रकावर तो अजून ‘हेल्पर’च असतो. शेजारच्या गेटवर दोन हजार जास्त मिळतात. तुम्ही शिकवलंत, पण त्याची दखल शेजाऱ्यानं घेतली. यावर काही जण बाँड लिहून घेतात, काही तर मुलांची मूळ प्रमाणपत्रं कपाटात ठेवून घेतात. दुसरी गोष्ट सरळ अडवणूक आहे, आणि दोन्हींनी टिकतात ती ज्यांना कुठेच मागणी नाही अशी माणसं. त्यापेक्षा चार पायऱ्या लिहून भिंतीवर लावा : हेल्पर, ऑपरेटर, सेटर, शिकवणारा सेटर. प्रत्येक पायरीसाठी काय काय करून दाखवावं लागेल आणि पगारात किती रुपये वाढतील, तेही त्याच कागदावर. चाचणी कधी होईल याची तारीख लिहा आणि ती पाळा. ऑर्डरच्या गडबडीत दोनदा तारीख पुढे गेली की तो कागद भिंतीचा रंग लपवायच्याच कामाचा उरतो.

आता प्रत्यक्ष काय करायचं ते.

स्किल मॅट्रिक्स, म्हणजे कुणाला कुठलं मशीन किती येतं याचा तक्ता, तुमच्याकडे असेलच. ज्यांचा माल वाहन उद्योगात जातो त्यांना आयएटीएफ १६९४९ या गुणवत्ता मानकाच्या कलम ७.२ साठी ते लागतंच. उभ्या रकान्यात माणसं, आडव्यात मशीनं, चौकटीत चार भागांचं वर्तुळ : एक भाग भरला म्हणजे मदतीनं करतो, दोन म्हणजे देखरेखीखाली, तीन म्हणजे एकटा करतो, चारही म्हणजे शिकवू शकतो. कागद उत्तम आहे. घोटाळा असा की तो ऑडिटच्या आदल्या संध्याकाळी एचआरच्या टेबलावर भरला जातो आणि सगळ्यांची वर्तुळं तीन-तीन भाग काळी होतात. ऑडिटर खूश, मशीन तसंच. आमची सूचना साधी आहे : वर्तुळाचा भाग काळा करायचा तो मशीनशेजारी उभं राहून, काम करून दाखवल्यावर, तिथल्या तिथे, तारीख आणि दोघांच्या सह्यांसह. पहिल्या महिन्यात तुमचं मॅट्रिक्स केविलवाणं दिसेल. दिसू द्या. ज्या मशीनच्या रकान्यात ‘एकटा करतो’ असा एकच माणूस निघाला, तिथून सुरुवात करा. तो माणूस लग्नाला गावी गेला की तुमची डिलिव्हरी थांबते, हे तुम्हाला मॅट्रिक्सशिवायही माहीत आहे.

शिकवणारा कोण? सगळ्यात हुशार ऑपरेटर चांगला शिकवेलच असं नाही. त्याचा हात इतका बसलेला असतो की तो काय करतो हे त्यालाच सांगता येत नाही. ‘अरे, आवाजावरून कळतं’ म्हणतो. खरं असतं ते, पण नव्या मुलाला त्याचा उपयोग शून्य. त्याला आधी दोन-तीन दिवस बसवून त्याच्याच कामाचे टप्पे त्याच्याकडून लिहून घ्या : काय करतो, त्यातली मेख कुठे, ती मेख का. दुसरी अडचण अधिक खोल आहे. जुने लोक हातचं राखून शिकवतात. ते दुष्ट म्हणून नव्हे. सेटिंग फक्त आपल्याला येतं म्हणून आपल्याला रात्री अकरा वाजता फोन येतो, ओव्हरटाइम मिळतो, साहेब नावानं हाक मारतो. हे ज्ञान वाटून टाकलं की आपली किंमत काय राहणार, हा त्याचा सवाल रास्त आहे. उत्तर पगारातूनच द्यावं लागतं : शिकवण्याचा वेगळा भत्ता, आणि त्यानं तयार केलेला मुलगा चाचणी पास झाला की त्याची नोंद त्याच्या नावावर. आणि सुरुवातीला सांगितलेली अट. शिकवायच्या दिवशीही त्याच्याकडून पूर्ण टार्गेट मागितलं तर तो मुलाला बाजूला उभं करून स्वतः हात चालवणारच; कुणीही तेच करेल.

शिकवण्याची रीत म्हणाल तर सांगणं, करून दाखवणं, मुलाकडून करून घेणं आणि मग त्याला एकटं सोडून अधूनमधून फेरी मारणं. यातला तिसरा टप्पा आपल्याकडे हटकून घाईत उरकला जातो. ‘समजलं का?’ विचारलं की मुलगा ‘हो’ म्हणतो, कारण सर्वांसमोर ‘नाही’ म्हणायची सोय आपण ठेवलेलीच नसते. त्यापेक्षा त्याला काम करता करता बोलायला लावा. ‘चक आवळला, जॉब फेसला टेकलाय का बघितलं, कारण मध्ये चिप अडकली तर जॉब तिरका बसतो.’ ‘कारण’ हा शब्द त्याच्या तोंडून आला की समजायचं, शिकला.

साहित्याला खर्च नाही. क्वालिटी विभागाबाहेर एक टेबल मांडा आणि त्यावर महिन्याभरातले दहा रिजेक्ट नग ठेवा. प्रत्येकाशेजारी एक कागद : माप काय हवं होतं, काय आलं, का आलं, पुढे काय करायचं. एक पान, एक मुद्दा, एक फोटो, त्यापेक्षा जास्त नाही. ऑपरेटरचं नाव लिहू नका. नाव आलं की पुढच्या महिन्यापासून रिजेक्ट नग टेबलावर न येता गुपचूप बिनमध्ये जायला लागतात. कागद मराठीत आणि हिंदीत असावा. बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशाची मुलं तुमच्या लाइनवर आहेत आणि मशीनवरचा अलार्म इंग्रजीत येतो. नेहमी येणाऱ्या पंचवीस-तीस अलार्मचा अर्थ आणि ‘आधी काय बघायचं’ हे दोन भाषांत छापून मशीनच्या दारावर चिकटवा. अलार्म आला की रीसेट दाबत राहणं ही सवय बरीचशी भाषेच्या अडचणीतून लागलेली असते.

वेळेबद्दल एक विनंती. तास साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी ठेवू नका. भोसरीत गुरुवारी सुट्टी म्हणून गुरुवारी प्रशिक्षण, असं केलंत की ती शिक्षा होते आणि लोक झोपा काढतात. पाळी संपल्यावर ठेवला तर आणखी एक गोष्ट होते, ती सहसा कुणाच्या लक्षात येत नाही : बायका गळतात. असेंब्लीवर, इन्स्पेक्शनवर काम करणारी बाई पाळी सुटल्यावर बसची वेळ आणि घरचा स्वयंपाक सोडून थांबू शकत नाही. वर्षभरानं सेटरच्या जागेसाठी नावं निघतात तेव्हा तिचं नाव नसतं, आणि आपण म्हणतो की बायका पुढे येत नाहीत.

शिकाऊ उमेदवारांबद्दल थोडं सविस्तर, कारण इथे कायदाही आहे आणि गैरसमजही. १९६१ चा शिकाऊ उमेदवारी अधिनियम आणि त्याखालचे नियम यांनुसार ३० किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला, कंत्राटी धरून एकूण मनुष्यबळाच्या २.५ ते १५ टक्के शिकाऊ उमेदवार घेणं बंधनकारक आहे. चारपासून एकोणतीसपर्यंत माणसं असतील तर ऐच्छिक. म्हणजे ४० माणसांच्या कारखान्यात एक ते सहा उमेदवार. २०१९ च्या नियमांनी आयटीआय पास उमेदवाराचं किमान विद्यावेतन महिना ७००० रुपये ठरवलं. दर वेळोवेळी बदलतात, करार करताना त्या दिवशीचा दर बघून घ्या. केंद्राच्या प्रोत्साहन योजनेतून विद्यावेतनाचा चौथा हिस्सा, कमाल १५०० रुपयांपर्यंत, आता थेट उमेदवाराच्या खात्यात जातो. या उमेदवाराला भविष्य निर्वाह निधी आणि ईएसआय लागू होत नाही.

नेमकं हे शेवटचं वाक्य वाचून काही जण उमेदवार घेतात. मग तो मुलगा सकाळी ट्रक उतरवतो, दुपारी बर (कापलेल्या कडेवर उरलेली धातूची कूस) काढतो, संध्याकाळी झाडू मारतो. शिकाऊ उमेदवार कायद्यानं प्रशिक्षणार्थी आहे. शिकाऊ उमेदवारी सल्लागाराच्या मंजुरीशिवाय त्याला ओव्हरटाइमला थांबवता येत नाही, आणि काम करताना त्याला इजा झाली तर भरपाईची जबाबदारी तुमच्यावर येते. ज्याला प्रेसचं दोन हातांचं बटण का असतं हे सांगितलेलं नाही, त्याला प्रेसवर उभं करणं किती महागात पडतं हे हिशेबाच्या वहीत मावणार नाही. घेतलात तर आठवड्यांचा तक्ता करा : पहिले चार आठवडे मोजमाप, ड्रॉइंग आणि सुरक्षितता, मग एकेक मशीन, प्रत्येकावर किमान सहा-आठ आठवडे, बर काढायचं काम असेलच, पण त्याचे दिवस ठरलेले. त्याची डायरी दर शनिवारी सुपरवायझरनं वाचून सही करायची. आणि शिकाऊ उमेदवारीच्या सरकारी पोर्टलवर कराराची नोंदणी रुजू होतानाच करा, हजेरी आणि विद्यावेतन दर महिन्याला भरा. ही नोंद अर्धवट राहिली की राष्ट्रीय प्रमाणपत्राच्या परीक्षेच्या वेळी मुलगा अडकतो. तोवर तुमचा एचआरवाला बदललेला असतो आणि पासवर्ड कुणालाच आठवत नाही. अडलंच तर जिल्ह्यातलं बीटीआरआय केंद्र (शिकाऊ उमेदवारांच्या मूलभूत प्रशिक्षणाचं सरकारी केंद्र) जवळ आहे, तिथे विचारा.

आता मोठ्या शिक्षणाकडे. लाइनवरच्या कितीतरी मुलांची दहावी-बारावी राहिलेली असते, आणि ती नाही म्हणून सेटर झालेला माणूस सुपरवायझर होत नाही. वाटा आहेत. बाहेरून परीक्षेला बसायचा बोर्डाचा १७ नंबरचा फॉर्म आहे. नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ पासून नोकरी करणाऱ्यांना पदवीपर्यंत नेतंय. रात्रशाळा तर आपल्याकडे जुनीच : जोतीराव आणि सावित्रीबाईंनी १८५५ मध्ये पुण्यात शेतकरी-मजुरांसाठी रात्रीची शाळा काढली, कारण त्यांचा दिवस कामात जात होता. आज तुमच्याकडे तीन पाळ्या फिरत्या आहेत. दर काही आठवड्यांनी रात्रपाळी येणाऱ्याला रात्रशाळाही उपयोगाची नाही आणि रविवारचा संपर्क वर्गही झोपेत जातो.

इथे पैशापेक्षा पाळीचा तक्ता कामाचा आहे. जो शिकतोय त्याला परीक्षेआधीचे दोन महिने एकच पाळी द्या, पेपरच्या दिवशी भरपगारी रजा द्या, आदल्या रात्री ओव्हरटाइम सांगू नका. फी देणार असाल तर ‘पास झाल्यावर परत देऊ’ ही अट काढा. ज्याच्याकडे प्रवेशाच्या दिवशी पैसे नाहीत तो अर्जच करत नाही, आणि तुमच्या फायलीत ‘योजना आहे, पण कुणी घेत नाही’ अशी नोंद राहते. निम्मी प्रवेशाला, निम्मी निकालाला, हे जमतं. नापास झाला तर पहिली निम्मी वसूल करू नका. एका फेऱ्यात किती बुडतील? एका खराब लॉटपेक्षा कमीच.

कंत्राटी कामगारांबद्दल ‘ते आमचे नाहीत’ असं उत्तर येतं. मशीन तुमचं, जॉब तुमचा, रिजेक्शन तुमचं. माणूस तेवढा ठेकेदाराचा. ठेकेदार बदलला की त्याच माणसाचं शिकणं पुन्हा शून्यापासून नोंदवलं जातं. म्हणून शिकल्याची नोंद माणसाच्या हातात द्या : कुठल्या मशीनवर, कुठल्या पायरीपर्यंत, कधी चाचणी झाली, शिक्क्यानिशी एक कागद. तो घेऊन जाईल ही भीती असेल, तर शेजारच्याकडून आलेल्या माणसाच्या हातातही असा कागद असेल याचा विचार करा. गेटवरच्या चाचणीचा तुमचा वेळ वाचेल. पाच-सहा शेजारी कारखाने मिळून एक शिकवणारा माणूस आणि एक खोली ठेवू शकतात. वसाहतीच्या संघटनेची खोली बहुतेक वेळा मिटिंग सोडून रिकामीच असते.

सीएसआरचा, म्हणजे कंपन्यांच्या सामाजिक जबाबदारीच्या खर्चाचा, विषय निघतो म्हणून चार ओळी. २०१३ च्या कंपनी कायद्याचं कलम १३५ लागू व्हायला निव्वळ नफा ५ कोटी, उलाढाल १००० कोटी किंवा नक्त मूल्य ५०० कोटी, यातलं काहीतरी लागतं. हे पत्र ज्यांना लिहितोय त्यातले बरेच त्यात बसत नाहीत. जे बसतात त्यांनाही फक्त स्वतःच्या कामगारांसाठी केलेला खर्च त्यात दाखवता येत नाही. तेव्हा पाळीतला तास सीएसआरमधून निघेल ही आशा सोडा. २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेत पुनर्कौशल्य निधी आहे खरा, पण तो कपात केलेल्या कामगारासाठी, १५ दिवसांच्या वेतनाएवढा. माणसाला दाराबाहेर काढताना शिकायला पैसे द्यायचे आणि आत असताना नाही, हा क्रम आम्हाला तरी उलटा वाटतो.

आयटीआयला मदत करायची असेल तर काय द्यावं आणि काय देऊ नये, हेही सांगतो. बंद पडलेली लेथ देऊ नका. ती बसवायला फाउंडेशन, थ्री फेज लाइन आणि दुरुस्तीचा खर्च लागतो, आणि तो कुणाच्याच खात्यात नसतो. त्याऐवजी २५ मिमीच्या एमएस बारचे उरलेले तुकडे, एक कड शिल्लक असलेले इन्सर्ट, रिजेक्ट कास्टिंग, रद्द केलेली गो-नोगो गेजेस (माप पास की फेल तेवढंच सांगणारी) द्या. गिऱ्हाइकाचं नाव असलेला कोपरा कापून जुनी ड्रॉइंग्ज द्या. पुस्तकातल्या ड्रॉइंगपेक्षा मुलं ती दहापट लक्ष देऊन वाचतात. वर्षातून दोन आठवडे आमच्यापैकी एकेका शिल्प निदेशकाला तुमच्या लाइनवर उभं राहू द्या, कारण तुमचे कंट्रोल बदलतात तितक्या वेगानं आमची मशीनं बदलत नाहीत. आणि आयटीआयच्या संस्था व्यवस्थापन समितीच्या बैठकीला या. २००७-०८ पासून देशातल्या १३९६ शासकीय आयटीआयना याच समित्यांमार्फत प्रत्येकी अडीच कोटींचं बिनव्याजी कर्ज दिलं गेलं आणि अध्यक्षपद उद्योगाकडे ठेवलं गेलं. तिथे कुठला ट्रेड वाढवायचा, कुठलं मशीन घ्यायचं, हे ठरतं. खुर्ची रिकामी राहिली की ते निर्णय तुमच्याशिवाय होतात, आणि मग गेटवरचा बोर्ड तसाच राहतो.

सुरुवात एका लाइनवर करा, आठ माणसांवर, तीन महिने. आधीच्या तीन महिन्यांचं त्या लाइनचं रिजेक्शन, रिवर्कचे तास आणि सोडून गेलेली माणसं, एवढे तीन आकडे आजच लिहून ठेवा. नंतर आठवणीवर विसंबलात तर प्रत्येकाला हवं ते आठवेल. पहिला तास ऑफसेटच्या दोन बटणांवर घ्या. बॅच आणि तासाची वेळ ठरली की कळवा. पहिल्या चार तासांना तुमच्या शिकवणाऱ्या माणसाशेजारी उभं राहायला आमच्यातलं कुणीतरी येईल. दुसऱ्या पाळीला असेल तरी चालेल.

आपले,
औद्योगिक प्रशिक्षण संस्थांमधले आणि कारखान्यांमधले काही शिल्प निदेशक व प्रशिक्षक

ता. क. : त्या टेबलावरचे नग दर महिन्याला बदला. तेच दहा नग चार महिने राहिले की लोक त्यावर चहाचे कप ठेवायला लागतात.